दुसरी केबल

आमच्या गाडीला क्लच नव्हता, आणि ही गोष्ट लोकांना पटवून देता देता माझी जीभ झिजली. घराला लागून माझी आटाचक्की. दळण घेऊन आलेली बाई डोक्यावरचा डबा खाली ठेवायच्या आधी अंगणातल्या गाडीत डोकावायची आणि विचारायची, "काऊन वो, इले दोनच पायडल? तिसरं कोनं नेलं?" मी सांगायची, बाई, हिला तिसरं नसतंच, ही गिअर आपली आपणच बदलते. मग ती माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मी तिच्या गव्हात खडे मिसळते हे तिला आताच कळलं. "आपली आपनच बदलते म्हणते!" असं पुटपुटत ती डबा काट्यावर ठेवायची.

गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही राहायचो, अजूनही राहतो. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. तेव्हा आमच्या टापूत चारचाकी म्हणजे काळीपिवळी जीप, नाहीतर राईस मिलवाल्यांच्या चकाचक गाड्या. क्लच नसलेली गाडी पंचक्रोशीत आमची एकच. ती काही हौसेने घेतलेली नव्हती. माझ्या नवऱ्याचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. गेला म्हणजे आहे, पण मनगटाएवढा बारीक, आणि त्यात जोर नाही. क्लच दाबायचा तर डाव्याच पायाने दाबावा लागतो. त्यामुळे वयाच्या चाळिशीपर्यंत यांनी गाडीचं चाक हातात धरलं नव्हतं.

हे होमिओपॅथीचे डॉक्टर. बाजाराच्या दिवशी गोरेगावला बसायचे, रविवारी आमगावकडच्या एका गावात. गाडी यायच्या आधी एसटीने जायचे. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे धडधाकट माणसाला कधी कळत नाही. यांना ती चढायला वेळ लागायचा आणि मागच्या लोकांना तेवढा धीर नसायचा. मग कोणीतरी न विचारता काखेत हात घालायचं आणि पोतं उचलावं तसं उचलून आत ठेवायचं. वाईट हेतूने नाही हो, चांगल्याच हेतूने. पण त्या दिवशी घरी आल्यावर हे आधी शर्ट काढून बादलीत टाकायचे.

आमच्या लग्नात स्टेजला तीन पायऱ्या होत्या. यांचा मोठा भाऊ उचलायला पुढे आला. मी हळूच विचारलं, "हात देऊ, की तुम्ही चढता?" हे म्हणाले, "चढतो." चढले. तोवर मी खालीच थांबले, आणि माझ्यामागे करवल्यांची ही गर्दी. एवढंच झालं. पण पुढे कितीतरी वर्षं हे आल्यागेल्याला सांगायचे, हिने मला विचारलं होतं. मला वाटायचं, त्यात काय एवढं बाप्पा!

गाडी नागपूरच्या एका बाईंकडून मिळाली. दहा वर्षं जुनी, परदेशातून आणलेली, टपावरचा रंग उडालेला. ऑटोमॅटिक म्हणून कोणी घ्यायला तयार नव्हतं. यांनी आठ दिवस शाळेच्या मैदानावर गोल गोल चालवली आणि नवव्या दिवशी एकटेच गोरेगावच्या बाजाराला गेले. परत आले ते पाच किलो वांगी घेऊन. दोन माणसांचं घर आमचं! मी ओरडलेच, "एवढी वांगी कायले?" हे म्हणाले, "रस्त्यात एक म्हातारी विकत बसून राहिली होती. थांबावंसं वाटलं तं थांबलो."

थांबावंसं वाटलं तर थांबलो. चाळीस वर्षांत हे त्यांना पहिल्यांदा करता आलं होतं. मी आठवडाभर वांगी रांधली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पण झालं असं, की हे फार जोरात चालवायला लागले. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून चाललेला माणूस, त्याला आता कोणाला म्हणून पुढे जाऊ द्यायचं नव्हतं. मोटरसायकल दिसली की टाक मागे, जीप दिसली की टाक मागे. मी शेजारी बसून पाय जमिनीत रोवायची. आता मी तशी गप्प बसणाऱ्यातली नाही. माझ्या तोंडाला सरपंचही भितात. पण यांना "हळू चालवा" म्हणणं मला जमेना. आयुष्यभर ज्याला हळू चालावं लागलं, त्याला आपण कोणत्या तोंडाने हळू म्हणायचं?

मग दिवाळीनंतरच्या धानाच्या दिवसांत ते झालं. आमच्याकडे धान निघालं की लोक डांबरी रस्त्यावरच वाळत घालतात. अर्धा रस्ता धानाचा, अर्धा गाड्यांचा, मधे हद्द म्हणून चार दगड. एका ट्रकच्या पुढे जायला म्हणून यांनी गाडी धानावर घातली. सुक्या धानावर चाक म्हणजे साबणावर पाय. गाडी अशी गर्रकन फिरली की मला आधी ट्रक दिसला, मग शेत, मग पुन्हा ट्रक. थांबली तेव्हा मागची चाकं बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर होती, खाली पाणी. हे माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "पाहिलं? फिरली पण बंद नाही पडली."

मी उतरले. जिचं धान उधळलं ती बाई शिव्या देत आली. मी तिच्यासोबत खाली बसून धान गोळा करू लागले, आणि ओंजळीत घेतलेले दाणे पुन्हा पुन्हा खाली सांडत होते. तिने शिव्या थांबवल्या आणि म्हणाली, "राहू दे माय, बस जराशी." घरी आल्यावरही मी यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

बोलले नाही, आणि केलं काय, तर गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडे गेले.

इथे एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे ट्रॅक्टरचे आणि जीपचे मालक ड्रायव्हरच्या नकळत एक्सिलेटर बांधून घेतात. म्हणजे मिस्त्री अशी काही जुळवाजुळव करून देतो की पायडल कितीही दाबलं तरी गाडी एका वेगाच्या वर जात नाही. ड्रायव्हरला वाटतं इंजिन थकलं. डिझेल वाचतं, ट्रॅक्टर वाचतो, ड्रायव्हरही वाचतो. सगळेच करतात, कोणाला त्यात लबाडी वाटत नाही. चक्कीवर बसून मी अशा गोष्टी ढिगाने ऐकलेल्या. हा मिस्त्री माझ्या चक्कीची मोटारही बघायचा, घरचाच माणूस. दुपारी हे जेवून आडवे झाले की तो आला.

"डॉक्टरसाहेबाची गाडी बांधाची आहे?" तो म्हणाला. "अवं वहिनी, चार मिनिटाचं काम आहे."

बॉनेट उघडलं. इंजिनात हवा जाते तिथे एक चकती होती, पायडल दाबलं की ती फिरायची. त्या चकतीला केबली दोन. एक सरळ पायडलकडून आलेली. दुसरी खाली कुठेतरी इंजिनाच्या मागे अंधारात गेलेली. मी विचारलं, "दोन कायले?"

"विदेशी गाडी आहे ना वहिनी. एक साधी, एक स्पीडची."

इतक्या ठामपणे म्हणाला की मला ते पटलं. पायडलकडच्या केबलचा नट गंजून घट्ट बसला होता, पाना लावला तरी हलेना. दुसरीचा नट लगेच सुटला. त्याने दुसरी ढिली केली, नट पुन्हा आवळले, हात पुसले आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी हे बाजारातून आले आणि म्हणाले, "आज गाडी मऊ चालून राहिली." खरंच मऊ चालत होती. आधी वेग घेताना इंजिन गुरगुरायचं आणि मग गिअर बदलायचा. आता गुरगुरायच्या आधीच वरचा गिअर पडायचा, आणि कोणाला मागे टाकायचं म्हटलं तर गाडी आळस द्यायची. एका जीपच्या मागे हे तीन किलोमीटर गुपचूप गेले. मी खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मनातल्या मनात मिस्त्रीला आशीर्वाद देत होते. इतकी शांत झोप मला महिनाभरात लागली नव्हती.

चार महिने बरे गेले. उन्हाळा लागला तशी गाडी बिघडायला लागली. कालव्याच्या चढावर इंजिन एकदम ओरडायचं आणि गाडी मात्र जागच्या जागी. मग धक्का देऊन गिअर लागायचा आणि पुढे जायची. पुढे पुढे सपाट रस्त्यावरही तसंच व्हायला लागलं. एक जळका, तिखट वास यायचा. माझ्या चक्कीचा पट्टा ढिला झाला की मोटार फिरते, जातं फिरत नाही, पट्टा घसरतो आणि जळतो; तेव्हा असाच वास येतो. इतकी वर्षं तो वास मी नाकाने ओळखते. आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

गोंदियातल्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी सकाळी, गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून गिअरचं तेल मोजायची पट्टी काढली. तेल कमी दिसलं म्हणून भरपूर ओतलं. इंजिनाचं तेल असंच बघतात, मग गिअरचं वेगळं कसं असेल, असा त्यांचा हिशोब. त्यानंतर गाडी जास्तच बिघडली. मग ते म्हणाले, "गिअर बॉक्स खतम. नया आता नहीं, पुराना मिलता नहीं. बेच दो."

हे बेचायला तयार नव्हते. कागदावर रस्ते काढून बसायचे, कुठून गेलं तर चढ लागत नाही. गोरेगावला जायला दुप्पट लांबचा रस्ता धरायचे. पण एका बाजाराच्या दिवशी कालवा ओलांडावाच लागला, आणि गाडी भर चढावर जी थांबली ती हललीच नाही. मागे जीप, बैलगाड्या, हॉर्नवर हॉर्न. चार जण धावत आले. गाडी बाजूला ढकलायची म्हणून त्यांनी दार उघडलं, यांना दोन बाजूंनी धरलं, उचललं आणि कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसवून दिलं. कोणी विचारलं नाही. कोणाची चूकही नाही, रस्ता अडला होता.

ते त्या मोटरसायकलवरून घरी आले. डावा पाय लोंबकळू नये म्हणून तो हाताने धरलेला. उतरले, शर्ट काढून बादलीत टाकला. गाडी आल्यापासून मी शर्ट असा बादलीत पडलेला पाहिला नव्हता.

पुढच्या बाजाराला ते गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. "पेशंट इथे येतील," म्हणाले. गोरेगावचे पेशंट कशाला येतात इथे! दिवसभर ओसरीत बसून वर्तमानपत्र वाचायचे, तेही कालचंच. एसटीने जा असं मी म्हटलं नाही, म्हणू शकत नव्हते. एका सकाळी त्यांनी जुन्या गाड्या तोडणाऱ्या माणसाला फोन करून सांगितलं, रविवारी येऊन घेऊन जा. मग मला म्हणाले, "अंगण मोकळं होईल. तू मिरच्या वाळत घाल." हे ऐकून मला रडूच आलं, आणि राग इतका आला की मी चक्की बंद करून दार लावून बसले. कोणावर राग, ते मला सांगता आलं नसतं.

बुधवारी चक्कीवर आलेली एक बाई म्हणाली की तिच्या भावाच्या मोहल्ल्यात, गोंदियाला, एक म्हातारे मिस्त्री आहेत. वीस-बावीस वर्षं आखाती देशात टॅक्स्या दुरुस्त करायचे, तिकडे सगळ्या बिनाक्लचच्या. आता रेल्वे लाईनजवळ बसून रेडिएटरला टाके लावतात, कारण इकडे त्यांच्या कामाच्या गाड्याच नाहीत. मी यांना म्हटलं, "उद्या गोंदियाला जायचं." हे म्हणाले, "कायले? रविवारी तो येऊन राहिला." मी म्हटलं, "रविवारी येईल तेव्हा येईल. उद्या गुरुवार आहे." मी चिडले की हे वाद घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ट्रकवर गाडी चढवून नेली.

मिस्त्री सडपातळ, पांढरी दाढी, डोळ्यावर दोरी बांधलेला चष्मा. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. यांच्या शेजारी बसून म्हणाले, "चलाइए डॉक्टर साहब, धीरे-धीरे. मैं सिर्फ सुनूँगा." पंधरा मिनिटं कान देऊन बसले. मग गाडी तापलेली असताना, इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा एकेका खुणेवर नेऊन परत आणला आणि तेव्हा कुठे तेलाची पट्टी काढली. "तेल ऐसे देखते हैं. गरम, चालू. ठंडे में तो झूठ बोलता है." गॅरेजवाल्यांनी ओतलेलं जास्तीचं तेल फेस होऊन वर आलं होतं. ते काढून टाकलं. उरलेल्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, वास घेतला, बोटावर चोळला. तपकिरी झालेलं, पण त्यात लोखंडाची कणी नव्हती.

"अभी मरी नहीं है," ते म्हणाले. मी यांच्याकडे बघितलं. हे कागदावरच्या डागाकडे बघत होते.

आता आतला दाब मोजायचा होता. गिअर बॉक्सच्या आत तेलाच्या दाबानेच सगळं चालतं, दाब असेल तर आतल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात, नसेल तर घसरतात, असं त्यांनी समजावलं. त्यांच्याकडचा दाबाचा काटा केव्हाच हरवलेला. मग ते सायकलवर टांग मारून एका राईस मिलमध्ये गेले आणि धान उकडतात त्या बॉयलरचा एक जादा काटा मागून आणला. पितळी, वीस किलो दाबापर्यंतचा. त्याला एक जाड नळी लावली, गाडीखाली झोपून गिअर बॉक्सच्या बगलेतला एक स्क्रू काढला आणि नळी तिथे बसवली. काटा माझ्या हातात दिला. "बहनजी, आप पढ़िए. चक्की चलाती हो, काँटा पढ़ना आता होगा."

चाकांना दगड लावले. हे आत बसले, ब्रेक हातातल्या काठीने पूर्ण दाबून, उजवा पाय एक्सिलेटरसाठी मोकळा ठेवून. इंजिन चालू. मी वाचलं, "चार."

"बराबर. अब ड्राइव में डालिए, ब्रेक मत छोड़ना, एक्सीलेटर पूरा. पाँच सेकंद, बस." इंजिन ओरडलं. काटा साडेपाचवर गेला आणि तिथेच लटपटत राहिला. "साडेपाच," मी म्हटलं.

"दस के ऊपर जाना चाहिए," मिस्त्री म्हणाले. त्यांनी गाडीला जरा दम खाऊ दिला. मग बॉनेट उघडून आत वाकले. "फिर से, डॉक्टर साहब." इंजिन ओरडलं, आणि त्यांनी दोन बोटांनी आतली एक केबल ओढली.

काटा सरसर वर गेला. सात, नऊ, अकरा. "अकरा!" मी ओरडले. आणि मग मान वळवून पाहिलं, त्यांच्या बोटात कोणती केबल आहे ते.

दुसरी.

मिस्त्री हात पुसत समजावून सांगत होते. एक्सिलेटरवर पाय किती जोरात पडला, ही खबर ही केबल गिअर बॉक्सला देते. त्यावरून तो ठरवतो दाब किती करायचा आणि गिअर कधी बदलायचा. "पैर बोल रहा है ज़ोर लगाओ, और उधर खबर ही नहीं पहुँचती. तो वो बेचारा ढीला पकड़ता है." ढिला पट्टा. मोटार फिरते, जातं फिरत नाही. मला सगळं एका क्षणात कळलं.

ते पुन्हा वाकले. "ये नट पर पाना लगा है. किसी ने खोला है."

"कोणी नाही खोललं," हे म्हणाले. मग एकदम लाल झाले. "गॅरेजवाल्यांनीच केलं असेल. बॉक्स गेला म्हणून सांगितलं, अन् केबल तेच ढिली करून बसले! आत्ताच्या आत्ता जातो त्यांच्याकडे." काठी घेऊन गाडीतून उतरायला लागले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना माझ्या चेहऱ्यावर कोण जाणे. ते म्हणाले, "छोड़िए ना साहब. होता है. किसी के भी हाथ से हो जाता है." त्यांनी मला सुटायला दार उघडून दिलं होतं. मी गप्प बसले असते तर गाडी दुरुस्त झाली असती, रविवारचा माणूस परत गेला असता आणि गॅरेजवाल्यांना चार शिव्या पडल्या असत्या. तेल त्यांनी चुकीचं भरलंच होतं, दोन शिव्या त्यांच्या हक्काच्याच होत्या.

मी म्हटलं, "थांबा. मी ढिली करायला लावली."

हे अर्धे उतरलेले, तसेच थांबले. मी तिथेच, मिस्त्रींच्या समोर, सगळं सांगितलं. बोडी, धान, आपला ट्रॅक्टरचा मिस्त्री, दुपारची झोप. "तुमची गाडी बांधायला सांगितली होती मी," म्हटलं. "हळू चालावी म्हणून."

हे परत सीटवर बसले आणि समोर बघत राहिले. मिस्त्रींनी केबल जुळवली, नट आवळले, पुन्हा काटा लावून दाब बघितला, नवं तेल भरलं. म्हणाले, आतल्या चकत्या थोड्या घासल्या आहेत, पण जपून वापरली तर अजून काही वर्षं काढेल. काढलीही तिने, पुढे चांगली सहा वर्षं.

येताना गाडी स्वतःच्या चाकांवर आली. गिअर वेळेवर पडत होते, इंजिन पूर्वीसारखं गुरगुरून मग शांत व्हायचं. कालव्याचा चढ गाडी एका दमात चढली. चढ संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"लहानपणापासून," ते म्हणाले, "आई ठरवे मी कुठे जायचं. मास्तर ठरवे मी कुठे बसायचं. कंडक्टर ठरवे मले कुठून उचलायचं. सगळे माझ्या भल्यासाठीच. तू तेवढी विचारत होतीस."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. मी पदर तोंडाला लावून रडायला लागले. म्हटलं, "मला भीती वाटत होती. तुम्ही मराल, याची. रोज वाटत होती."

"मग तसं सांगायचं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," हे म्हणाले. "मग? वाटू द्यायचं."

त्यांनी डॅशबोर्डवरचा फडका माझ्याकडे टाकला. त्याला गिअरच्या तेलाचा वास येत होता, तरी मी त्यानेच डोळे पुसले.

ट्रॅक्टरच्या मिस्त्रीशी भांडायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी तणतणत निघाले होते, पण अर्ध्या वाटेवरून परत आले. त्याला काय बोलणार? त्याने सांगितलेलं काम केलं. रविवारी गाडी तोडणारा आला. हे औषधांची पेटी घेऊन आमगावकडे निघाले होते. त्याला म्हणाले, "चहा प्या अन् जा, गाडी मी चालवून राहिलो."

पण त्या गुरुवारचं अजून थोडं राहिलं. कालव्यावरून गाडी निघाली, पुढे सरळ रस्ता लागला, आणि हात मोकळे झाल्यासारखे हे जोर लावू लागले. पुढे एक मोटरसायकल दिसली. इंजिन गुरगुरलं. माझे पाय आपसूक जमिनीत रुतले, आणि सवयीने मी खिडकीतून बाहेर बघायला मान वळवली. मग मान परत फिरवली.

"हळू," मी म्हटलं. "मले भेव वाटते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक्सिलेटरवरचा पाय उचलला, मोटरसायकल पुढे निघून गेली, आणि वरचा गिअर कधी पडला ते कळलंही नाही.